हेमावतीबाईंचा काळा वाल

मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या त्या तीन मजली इमारतीत हेमावतीबाईंना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बायका 'मामी' म्हणत, पोरं 'आज्जी' म्हणत, आणि असोसिएशनचे सेक्रेटरी बालाजीराव 'अक्का' म्हणत, तेही काही काम निघालं तरच. नवरा, रामस्वामीराव, पोस्टात होते. रिटायर झाले आणि पेन्शनची चव कळायच्या आत गेले. मुलगा अंबत्तूरला कारखान्याजवळच बिऱ्हाड करून राहिला होता. रविवारी येई, आईच्या हातचं सांबार ओरपी आणि दर वेळी तेच म्हणे, "अम्मा, तिकडे चल ना. इथे एकटी काय करतेस?" बाई मान हलवीत. ती मान हो म्हणून हलते की नाही म्हणून, हे चाळिशी गाठली तरी त्याला कळलं नव्हतं.

एकटी काय करतेस, याचं उत्तर इमारतीच्या मागे होतं. पंपाच्या खोलीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जमिनीचा एक तुकडा पडून होता. तिथे एक जुना शेवगा होता, फुटक्या टाइलांचा ढीग होता, आणि स्कूटर ठेवायला शेड बांधावी म्हणून बालाजीरावांचा त्या जागेवर डोळा होता. बालाजीराव म्हणजे नोटीस बोर्डावर रोज काहीतरी लावल्याशिवाय घास न उतरणारा माणूस. पण तेही बाईंसारखेच पिढ्यान्पिढ्या तंजावरकडचे मराठी. हेमावतीबाईंनी एकदा त्यांना घरी बोलावून डांगर पचडी वाढली, उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेली, बालाजीरावांची आई करी तशी. वाटी चाटूनपुसून झाल्यावर बाईंनी जागेचा विषय काढला. शेडचं राहूनच गेलं.

त्या तुकड्यात बाई पोरांना शेती शिकवीत. शेती म्हणणं जरा जास्तच झालं, पण त्या तसंच म्हणत. पोरं इमारतीतलीच. दुसऱ्या मजल्यावरची रम्या, जिच्या घरी मराठी फक्त रागावताना बोलत; लहानगा अनय, ज्याला मातीपेक्षा मातीतले किडे प्रिय; आणि आणखी दोघंतिघं, आज आली तर उद्या नाहीत अशी. शिकवायचं ते बाईंनी सासूकडून, सईबाईंकडून उचललेलं. तंजावरजवळच्या गावी त्यांच्या घरामागे परसात एकच एक पीक कधी लावत नसत. ज्वारीच्या धाटाला धरून वाल चढायचा, खाली भोपळा पसरून जमीन झाकायचा, कडेने एरंड उभा राहून अळ्या आपल्या अंगावर ओढून घ्यायचा, आणि वांग्यामिरच्यांच्या मध्ये झेंडू. "एका चुलीवर जेवणारी माणसं कशी असतात गे," बाई सांगत, "एक पाणी भरतं, एक निवडतं, एक वाढतं. अस्के, सगळे मिळून घर. झाडंही तशींच." पोरांना हे लगेच पटे. न पटण्यासारखं त्यात होतं तरी काय?

शिकवण्यात पोटाचाही भाग होता. माठाची पालेभाजी काढली की ती तिथल्या तिथे धुऊन बाईंच्या स्वयंपाकघरात जाई आणि पोरं ताटं घेऊन बसत. पहिली मिरची, पहिलं वांगं देवापुढे, मग वाटे. झाड जे देईल ते दिल्याबरोबर घ्यायचं, आणि देऊन झालं की झाडाला मुळासकट काढून पुढच्याला जागा करून द्यायची, हा तर बाईंचा मंत्रच होता. "दिलं, संपलं, आतां दुसऱ्याची पाळी," असं म्हणत पोरं वाळलेला माठ उपटीत आणि नाचत.

आणि बोटं. कोवळ्या भोपळ्याकडे, वांग्याच्या कळीकडे सरळ बोट करायचं नाही. सरळ बोट केलं की फळ कुजून गळतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपायचं आणि त्या मुडपलेल्या पेराने दाखवायचं. ही रीत पोरांनी इतकी उचलली की शाळेत फळ्याकडेसुद्धा मुडपलेल्या बोटाने दाखवू लागली. रम्याच्या शाळेतल्या शिक्षिकेने घरी चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, मुलीच्या बोटाला काही झालंय का?

पण या सगळ्यात हेमावतीबाईंचा जीव होता तो एकाच गोष्टीत. काळ्या वालात.

तो बाजारातला वाल नव्हे. बी काळंभोर, कडेला पांढरी रेघ, शेंगेला जांभळी किनार, आणि आमटीला असा वास की शेजारी विचारायला यावेत. सईबाईंच्या परसाबाहेर तो कुणाकडे असल्याचं बाईंनी पाहिलं नव्हतं. लग्नानंतर मद्रासला बिऱ्हाड करायला निघाल्या तेव्हा सईबाईंनी त्यांच्या ओटीत तांदळाबरोबर हे बी घातलं आणि दोन गोष्टी बजावल्या. एक, अर्धं मातीत, अर्धं राखेत. सगळं बी कधी पेरायचं नाही. दुसरी, या वेलाच्या फुलाचं नाव फूल येईपर्यंत काढायचं नाही. कधी येईल असं विचारायचं नाही, सांगायचं नाही. नाव काढलं की वेल रुसतो.

बाईंनी दोन्ही पाळलं. कुंड्यांत, डब्यांत, गच्चीवर, घरमालकांची बोलणी खात त्यांनी तो वाल दर वर्षी लावला. मग दोन हजार पाच सालचा पूर आला. गच्चीवरचे वेल पावसात सडले, तळमजल्यावर पाणी शिरलं, तिथे जिन्याखाली ठेवलेलं राखेचं मडकं दिवसभर पाण्यात राहिलं आणि बी फुगून कुजलं. वर घरात देवाच्या फळीवर एका वाटीत थोडं होतं, तेवढं वाचलं. मूठही नीट भरेना. बाईंनी गावच्या पुतण्याला, रंगा त्याचं नाव, फोन केला. तो म्हणाला, "काकी, परस कुठे राहिलं आतां? तिथे दुसऱ्यांची घरं उठली. वालच ना? टी. नगरच्या बाजारांत अस्कं मिळतं की." बाईंनी फोन ठेवला आणि वाटीतलं बी पुन्हा एकदा मोजलं.

पुढच्या वर्षी आडी महिन्याची अठरावी आली. तमिळ मुलखात ऑगस्टच्या सुरुवातीला येणारा हा नदी पुजायचा आणि पेरणी करायचा दिवस. बाईंनी चार प्रकारचं चित्रान्न, म्हणजे कालवलेला भात, केलं, लिंबाचं, चिंचेचं, खोबऱ्याचं आणि दह्याचं, आणि वाटीतलं अर्धं बी पदराला बांधून खाली उतरल्या. पोरांनी एकेक बी लावायचं ठरलं होतं. तळहात पुढे आले, बी वाटलं, संपलं. तेवढ्यात मागून आणखी एक तळहात आला.

ही स्वरदा. त्याच आठवड्यात पुण्याहून राहायला आलेली. बाप उपेंद्र अंबत्तूरच्या एका सॉफ्टवेअर ऑफिसात, आई रुचिरा अजून खोकी उघडते आहे, आणि मुलीला ना तमिळ येई ना कुणी ओळखीचं. तिने काही मागितलं नाही, नुसता हात पसरून उभी राहिली. बाईंनी त्या रिकाम्या तळहाताकडे पाहिलं. त्या वर गेल्या आणि राखून ठेवलेल्या अर्ध्यातलं एक बी घेऊन आल्या.

एकदा हात लागला की लागला. अनयचं बी मुंगळ्यांनी नेलं, तो रडला. त्याला दुसरं दिलं. रम्याचं उगवलंच नाही, तिला दिलं. स्वरदाचा अंकुर गोगलगाईने खाल्ला आणि तिने जेवायचं सोडलं, तेव्हा वाटीतलं शेवटचं बीही खाली गेलं. सईबाई असत्या तर कानशील लाल केलं असतं, असं बाईंना वाटलं. मग त्यांनी मनाची समजूत घातली: संक्रांतीला शेंगा वाळतील, तेव्हा मडकं पुन्हा भरेल. नाहीतरी ही विद्या पोरांच्या हातात द्यायची, तर बी वाटीत ठेवून काय उपयोग?

वेल मात्र नामी आले. ज्वारीवरून शेवग्यावर गेले, शेवग्यावरून भिंतीवर. सगळीकडे पानंच पानं. भोपळे निघाले, ज्वारीची कणसं भाजून झाली, वांगी तर इतकी की रसवांगीला पोरं नाकं मुरडू लागली. वाल तेवढा नुसताच वाढत होता.

"आज्जी, याला फुलं कधी येणार?" स्वरदाने विचारलं. तिला सगळ्याचं वेळापत्रक लागे. आईबाप दोघेही कॉम्प्युटरवाले.

बाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. "अय्यो, विचारूं नये गे तसं. नाव काढिलं तर तें रुसतं."

"पण येणार ना?"

"बाळे, गप."

त्या वालाची गोष्ट अशी होती की तो थंडी पडेपर्यंत, दिवस लहान होईपर्यंत फुलतच नाही. आडीत लावा, पाणी घाला, खत घाला, ढिम्म. मार्गशीर्ष तोंडावर आला की मग एकदम तुरे काढतो आणि भोगीला शेंगा देतो. गावी हे कुणी कुणाला सांगत नसे, कारण सांगावं लागत नसे. सगळी पोरं परसातच मोठी होत, दर वर्षी बघत. एक वर्ष परसात वावरलेल्या पोरालाही ते ठाऊक असे. आणि इथल्या पोरांनी तो आतापर्यंत गच्चीवरच्या डब्यात वाकडातिकडा वाढलेला लांबूनच पाहिला होता. हा फरक बाईंच्या ध्यानात आला नाही. यायला हवा होता, पण नाही आला.

त्या साली मद्रासभर चिकनगुन्याची साथ होती. कॉर्पोरेशनची धुराची गाडी गल्लीतून जाई आणि पोरं तिच्यामागे खोकत पळत. दिवाळी झाली आणि हेमावतीबाई आडव्या झाल्या. ताप गेला, पण दुखणं सांधे धरून बसलं. चमचा हातात धरवेना. पलंगावरून उठायचं तर भिंतीला, खुर्चीला, दाराला विचारून. मुलगा टॅक्सी घेऊन न्यायला आला. बाई नाही म्हणाल्या. त्याने कारण विचारलं तर गप्प बसल्या, कारण 'वाल फुलायला आलाय' हे कारण तोंडातून काढता येत नव्हतं. तो रागावून गेला. चिडणारच; आई मरणप्राय दुखण्यात आणि जागचं हलायला तयार नाही.

रुचिरा रोज भात-वरण घेऊन येई. मायेची होती पोरगी. स्वरदाही येई आणि बाईंच्या सुजलेल्या गुडघ्यावर हळू फुंकर घाली, तिच्या घरची काय रीत होती देव जाणे. बाईंच्या खिडक्या रस्त्याकडच्या. मागचं काही दिसत नसे. एके दिवशी त्यांनी स्वरदाला जवळ घेतलं.

"मी उठेपर्यंत बाग तुझ्या हवालीं. पाणी साचूं देऊं नको. देऊन झालेलं असेल तें काढ, जागा मोकळी कर. बाकी पोरांनाही सांग."

"आणि वाल?" स्वरदाने विचारलं.

बाईंच्या जिभेवर आलं होतं. आता थंडी पडते आहे, आता तो फुलेल, डोळ्यात तेल घालून जप. सगळं वाक्य तयार होतं. पण त्यांना सईबाईंचा चेहरा आठवला, आणि हे शेवटचं बी आहे हे आठवलं. इतकी वर्षं पाळलं ते याच वर्षी मोडायचं? त्यांनी ओठ मिटले, हात जोडून वर पाहिलं, आणि मुडपलेलं बोट ओठांवर ठेवलं.

स्वरदाने समजल्यासारखी मान हलवली. काय समजली ते तिलाच ठाऊक.

कार्तिगैच्या सणाचे दिवे लागून गेले. पाऊस जरा उघडला. एका सकाळी दारात गलका झाला. सगळी पोरं, मागे रुचिरा, तिच्यामागे बालाजीराव, हातात प्लास्टिकची खुर्ची. "आज्जी, चला, एक गंमत आहे!" दोघांनी दोन हात धरले. बाईंना हसू आलं. सांधे ठणकत होते, तरी त्या निघाल्या. मनात म्हणाल्या, आला वाटतं. पोरांनी पाहिला वाटतं.

मागची जागा स्वच्छ होती. इतकी स्वच्छ की क्षणभर त्यांना ती कुठली ते कळेना. भिंत उघडी, शेवगा उघडा, जमीन झाडून काढलेली आणि तिच्यावर पांढरी ब्लीचिंग पावडर. मधोमध बालाजीरावांनी खुर्ची ठेवली.

"अख्खा वेल काढला आम्ही!" अनय ओरडला. "मुळासकट!"

"तुम्हाला त्याच्यातलेच डास चावले होते ना," रम्या म्हणाली. "खूप होते. पानांखाली."

स्वरदा सगळ्यांत गंभीर होती. तिने शिकल्याप्रमाणे नीट सांगितलं. "आज्जी, सगळ्यांनी काही ना काही दिलं. ज्वारीने दिलं, भोपळ्याने दिलं. त्याने एकदासुद्धा काही दिलं नाही. मी रोज बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटतंय त्याच्यासाठी. म्हणून आम्हीच काढला. दुसऱ्याची पाळी."

"आजी, पोरांनी दोन दिवस घाम गाळलाय हो," रुचिरा म्हणाली. "मी नुसत्या पिशव्या भरल्या."

"कचऱ्याच्या गाडींत घालून पाठवून पण दिलं, अक्का," बालाजीराव म्हणाले. "अस्कं क्लीन. नोटिशींत मुलांची नावं लावणार आहे."

हेमावतीबाई खुर्चीत बसल्या. वर पाहिलं तर शेवग्याच्या उंच फांदीवर, पोरांचे हात पोचले नव्हते तिथे, वेलाचा एक शेंडा लोंबत होता. खालून तुटलेला. पानं सुकून काळी पडली होती आणि त्यांच्यामधून एक बारीक तुरा बाहेर आला होता, मुगाएवढ्या जांभळ्या कळ्यांचा. तोही मान टाकून होता. अजून थोडेच दिवस. थोडेच दिवस मिळायला हवे होते.

पोरं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. सहा डोळे, आठ डोळे, सगळे शाबासकीला टपलेले. ओरडावं तर कुणावर? यांनी तेच केलं जे शिकवलं होतं, आणि जे केलं नाही ते शिकवलंच नव्हतं. बाईंना सासूचा राग आला, मग त्या मेलेल्या माणसावर रागावल्याची लाज वाटली, आणि मग नुसतं रडू फुटायला आलं. ते त्यांनी गिळलं.

"छान केलं," त्या म्हणाल्या. "छान लख्ख केलं."

पोरं नाचली. रुचिराने डोळे पुसले. तिला वाटलं, बाईंचा ऊर भरून आला.

मुलगा रविवारी आला तेव्हा बाईंनी आपण होऊन सांगितलं, संक्रांत झाली की मी येते तिकडे. तो बघतच राहिला. इतकी वर्षं टाकलेल्या गळाला मासा लागला तर माणूस आनंदतो, पण त्याला आनंद झाला नाही. आईचा आवाज त्याला बरा वाटला नाही. त्याने वाल कसा आहे म्हणून विचारलं. "झाला," एवढंच त्या म्हणाल्या.

भोगीच्या दिवशी त्यांनी पोरांना शेवटचं जेवायला बोलावलं. अंबत्तूरला जायचं कुणाला सांगितलं नव्हतं. वाल मांबलम स्टेशनबाहेरच्या बाईकडून आणला, फिकट हिरवा, बेचव. वांगी, भोपळा, रताळं, तीळ, चिंच. हात दुखत होते तरी वाटण पाट्यावरच केलं. रुचिराने वास घेऊन म्हटलं, "अहो, ही तर आमची भोगीची भाजी!" बाई म्हणाल्या, "आमचं कूट्टु. तेंच हें." बाहेर गल्लीत जुन्या चटया आणि टायर जाळल्याचा धूर भरला होता, त्यामुळे सगळी मागच्या मोकळ्या जागेतच वाट्या घेऊन बसली.

स्वरदा बाईंना चिकटून बसली होती. आता तिला तमिळ थोडं येई आणि मराठीत तंजावरी हेल शिरला होता. रुचिरा त्यावरून तिला चिडवी. तिने भाजीतला एक वाल चमच्यात घेऊन नीट पाहिला.

"आज्जी, हा आपल्यासारखा काळा नाही."

"नाही."

"आपला दुसऱ्या झाडांसारखा लवकर देणारा नव्हता ना? पण आपण त्याला परत एक चान्स देऊ. या आडीला पुन्हा लावू या. तुमच्या वाटीतलं बी देणार ना मला? मी पाणी घालीन, आणि फुलाचं विचारणार नाही. मुळीच नाही विचारणार." आणि तिने शेवग्याच्या बुंध्याकडे, जिथे पावडरीचा पांढरा डाग अजून गेला नव्हता, हात केला. "तिथेच लावू. तिथे!"

तिने बोट मुडपलं होतं. बाईंनी शिकवलं होतं तसंच, पेर पुढे काढून, नख आत घेऊन, जपून.

हेमावतीबाईंनी ते बोट आपल्या सुजलेल्या हातात घेतलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग हलक्या हाताने ते उलगडलं आणि सरळ केलं, शेवग्याच्या दिशेने.

"आतां सरळच दाखव गे," त्या म्हणाल्या. "चालतं."

स्वरदाने आधी आपल्या सरळ बोटाकडे पाहिलं, मग शेवग्याच्या उघड्या बुंध्याकडे, मग आज्जीच्या तोंडाकडे. हातातली वाटी तिने हळूच खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.